नासलं, सडलं, कुजलं, किडलं, भ्रष्ट झालं: कुठला शब्द कुठे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी नेरूळला राहते. नोकरीसाठी बाहेरून आलेल्या लोकांना संध्याकाळी मराठी शिकवते आणि आमच्या व आजूबाजूच्या दोन-तीन सोसायट्यांच्या नोटिसा, इतिवृत्तं वगैरे तपासून देते. दोन्हीकडे हेच प्रश्न फिरून फिरून येतात म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवतेय. उत्तरं सारख्या लांबीची नाहीत, काही ठिकाणी सांगण्यासारखं खूप आहे.

प्र. नासणं, सडणं, कुजणं, किडणं, सगळ्याचा अर्थ "खराब होणं" असाच ना? मग इतके शब्द कशाला?

ढोबळमानाने तोच अर्थ, पण मराठीत कुठली वस्तू कशाने आणि कशी गेली त्यावर क्रियापद ठरतं. दूध नासतं, भात आंबतो, वरण विटतं, तूप खवट होतं, पितळेच्या भांड्यातलं ताक कळकतं, पावाला बुरशी येते, डाळीला कीड लागते, लाकूड वाळवी पोखरते, लोखंड गंजतं, जुनं लुगडं विरतं, कांदा सडतो, पालापाचोळा कुजतो, जखम चिघळते. काय झालं ते शब्दातच आलं. "खराब झालं" म्हटलं की फक्त फेकून द्यायचंय एवढंच कळतं.

वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये गोणी ओतून निवडतात तेव्हा बघा. कोंब आलेला कांदा वेगळा, काजळी आलेला वेगळा (म्हणजे वरच्या पातींवर ती काळी बुरशी) आणि सडका वेगळा, जो अंगठ्याने दाबला की बोट आत जातं आणि वास मारणारं पाणी सुटतं. कोंबाचा आजच्या आज भाजीत संपवता येतो, काजळीवाल्याच्या वरच्या पाती काढून टाकतात, पण सडका आधी बाहेर काढायचा कारण त्याच्या पाण्याने शेजारचे चार ओले होतात आणि मग तेही जातात. तिघांनाही "खराब कांदा" म्हणणारा निवडायला बसला तर एकतर सगळे फेकेल नाहीतर सगळे ठेवेल.

प्र. दूध "नासलं" म्हणायचं की "फाटलं"?

दोन्ही चालतं. "फाटलं" म्हणजे डोळ्यांना दिसतं ते, पाणी एकीकडे आणि गुठळ्या एकीकडे. "नासलं" म्हणजे ते ज्यासाठी आणलं होतं त्या कामाचं राहिलं नाही. हा शब्द "नाश" वरूनच आलाय, नासाडी आणि नासधूस त्याच घरातले. चहाला आणलेलं दूध नासलं तरी त्याचं पनीर होतंच, म्हणून आमच्या आईकडे "नासलं" नंतर लगेच "गाळून ठेव" यायचं.

आंबाही नासतो. "एक नासका आंबा सगळी अढी नासवतो" ही म्हण अगदी शब्दशः खरी आहे. अढी म्हणजे गवतात थरावर थर लावून आंबे पिकायला ठेवतात ती. पिकणाऱ्या फळातून इथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो, तो आजूबाजूच्या फळांना भराभर पिकवतो, त्यात एका फळाला डाग पडून बुरशी धरली की ती टेकलेल्या फळावर जाते. म्हणून अढी दर दोन दिवसांनी हाताने चाळवून बघायची असते. म्हण वापरताना लोक नासक्या आंब्यावरच थांबतात, चाळवायला कोणी गेलंच नाही हे सांगायचं राहून जातं.

प्र. हापूस वरून छान आणि आतून पांढरा, आंबट निघाला तर त्याला नासका म्हणतात का?

नाही, त्याला "साका" म्हणतात, आंब्यात साका पडलाय. वास नाही, डाग नाही, हाताला मऊही लागत नाही, कापल्याशिवाय कळतच नाही. बाहेरून काही लागण होऊन आत गेलेलं हे नव्हे, झाडावर आणि उतरवल्यावर फळाला लागणाऱ्या उष्णतेशी याचा संबंध जोडतात. माणसांबद्दल हा शब्द फारसा कोणी वापरत नाही पण मला वाटतं वापरावा. दिसायला सज्जन, बोलायला गोड, पण वेळ आली की आत काही पिकलेलंच नाही अशा माणसाला दुसरा इतका नेमका शब्द माझ्याकडे नाहीये.

प्र. "आंबणं" वाईट की चांगलं?

कुणी मुद्दाम केलं की चांगलं. इडलीचं पीठ आंबवायचं असतं, कालची भाजी डब्यात आपोआप आंबली तर टाकायची. मूळ शब्द आम्ल, म्हणजे आंबटपणा. पण लोकलमध्ये ठाण्यापासून पनवेलपर्यंत उभं राहून "पाय आंबले" म्हणतात ते आंबणं म्हणजे थकून बधिर होणं, शिकणाऱ्यांनी तिथे आंबट शोधू नये.

प्र. खवट, कुबट, कळकलेलं, विटलेलं, उतरलेलं, हे सगळे वास एकच का?

मुळीच नाही. खवट म्हणजे स्निग्धपणा असलेल्या वस्तू हवा लागून बिघडतात ते: खोबरं, शेंगदाणे, तूप, तळणीचं तेल. कुबट हा बंद खोलीचा, जुलैत न वाळलेल्या कपड्यांचा वास. उतरलेली भाजी, विटलेलं वरण म्हणजे अजून सडलं नाहीये पण चव गेलीय आणि उन्हाळ्यात अजून दोन तासांनी खायच्या लायकीचं राहणार नाही. विटणं पुढे रंगालाही लागतं, मनालाही: साडीचा रंग विटला, या रोजच्या कटकटीला जीव विटला.

कळकणं आता फार कमी लोकांना माहीत आहे. माझ्या आजीकडे पितळेची पातेली होती, त्यांना वर्षातून दोनदा कल्हई लागायची. कल्हईवाला अंगणात खड्डा करून भट्टी पेटवायचा, भांडं लालसर तापलं की नवसागर टाकायचा, भसकन पांढरा धूर, मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने सरसर फिरवायचा की आतून भांडं चांदीसारखं. ती कल्हई कुठे उडाली असेल आणि त्यात ताक किंवा चिंचेचं सार राहिलं तर ते हिरवट पडायचं, जिभेवर तांब्याची एक कडसर चव यायची. "कळकलं" म्हणायची आजी आणि ओतून द्यायची. यात ताक चांगलं होतं, भांडंही चांगलं होतं, मधला थर उडाला होता. चांगला माणूस, चांगलं खातं, आणि तरी काम बिघडतं तेव्हा मला हाच शब्द आठवतो.

प्र. कुजणं आणि सडणं यात फरक काय? "कुजणं" नेहमी वाईटच का?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. शेतकरी "चांगलं कुजलेलं शेणखत" मागतो, कच्चं शेण नको म्हणतो, म्हणजे तिथे कुजणं ही लायकी झाली. "सडलेलं शेणखत द्या" असं कोणी म्हणत नाही. अर्थात मूळकुज, खोडकुज, फळकुज ही रोगांची नावं आहेतच, त्यामुळे कुजणं सगळीकडे शुभ असं म्हणता येणार नाही, पण कुजण्यातून पुढे काहीतरी होऊ शकतं आणि सडण्यातून बहुतेक वेळा फक्त घाण होते, एवढा फरक बोलण्यात ठेवला जातो.

हे प्रत्यक्ष बघायचं असेल तर सोसायटीच्या खतपेटीत हात घाला. ओल्या कचऱ्यात सुकी पानं मिसळली, दर काही दिवसांनी उलटंपालटं केलं, हवा खेळती राहिली की ढीग आतून तापतो, थंडीत सकाळी वाफ दिसते, आणि काही आठवड्यांनी पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. तोच कचरा झाकण घट्ट लावून, वरणाचं पाणी घालून ठेवून दिला तर हवा मिळत नाही, दुसऱ्याच प्रकारचे जिवाणू वाढतात आणि मजल्यावरचे सगळे तक्रार करायला येतात. जिनसा त्याच, एकीकडे कुजलं, एकीकडे सडलं, आणि फरक पडला तो कोणीतरी ढवळलं की नाही याने.

दुसरं उदाहरण खाडीचं. ऐरोली-मुलुंड पुलावरून ओहोटीच्या वेळी गेलात की गाळाचा वास येतो आणि बसमध्ये लोक नाकाला रुमाल लावतात, "खाडी सडलीय" म्हणतात. त्यातला काही भाग नाल्यांतून येणाऱ्या सांडपाण्याचा आणि कारखान्यांचा आहे, तिथे सडलीय हाच शब्द बरोबर. पण काही वास कांदळवनाच्या गळलेल्या पानांचा आहे, ती चिखलात हवेशिवाय कुजतात, त्यातून गंधकाचा वायू सुटतो, आणि त्याच कुजलेल्या पानांवर चिंबोऱ्या, निवट्या, कोळंबीची पिल्लं जगतात, ज्यांच्यावर इथल्या कोळी-आगरी घरांची चूल पिढ्यान्पिढ्या चालली. २०२२ साली ठाणे खाडीला रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) जागा मिळाली, फ्लेमिंगो येतात ते याच गाळात चरायला. त्यामुळे एकाच वासासाठी दोन क्रियापदं लागतात आणि ती मिसळली की एकतर प्रदूषण करणारा सुटतो किंवा कांदळवन तोडायला निमित्त मिळतं.

प्र. किडलेला, पोखरलेला, वाळवी लागलेला, यात काय वेगळं?

कीड दिसते. डाळीत सोंडे फिरतात, वांग्याला भोक असतं, दात किडला तर काळा पडतो. पोखरणं आतून चालतं.

आमच्या ठाण्याच्या जुन्या घरात, म्हणजे चरईतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, दाराची चौकट सागवानी होती, दर दिवाळीला तिला रंग लागायचा. एकदा कॅलेंडरचा खिळा ठोकायला गेले तर हातोडी लागल्यावर खण्णच्या ऐवजी बद्द आवाज आला आणि खिळा लोण्यात जावा तसा आत गेला. बोटाने दाबलं तर रंगाचा पापुद्रा आत खचला, मागे लाकूड नव्हतंच, मातीचे बारीक बोगदे आणि भुसा. वाळवी असंच करते, उजेड आणि कोरडी हवा तिला चालत नाही म्हणून वरचा थर शाबूत ठेवून आतलं खाते. रंग मात्र कुठेही उडाला नव्हता. एखादी संस्था "पोखरली गेली" असं लिहिणाऱ्याला माझं एवढंच म्हणणं असतं की वरून सगळं ठाकठीक दिसत असेल तरच हा शब्द वापरा. वरूनच पडझड दिसत असेल तर ती मोडकळीला आलीय, पोखरलेली नाही.

प्र. इमारतीला काय म्हणायचं? जीर्ण, जर्जर, मोडकळीस आलेली, धोकादायक?

जीर्ण म्हणजे वय झाल्यामुळे झिजलेली. "जरा" म्हणजे म्हातारपण, जर्जर आणि जीर्ण दोन्ही त्याच संस्कृत धातूचे (धातू म्हणजे क्रियापदाचं मूळ रूप). जीर्णचा अर्थ पचलेलं असाही होतो, म्हणून न पचणं म्हणजे अजीर्ण. आणि जीर्ण झालेलं पुन्हा उभं करता येतं असं भाषेतच गृहीत धरलंय, जीर्णोद्धार हा शब्द आहेच, ठाण्याचं कौपिनेश्वर मंदिर पेशवाईत असंच नव्याने बांधलं गेलं. मोडकळीस आलेली म्हणजे आता सांधे सुटायला लागले.

धोकादायक हा मात्र सरकारी शब्द आहे आणि त्याला वर्ग आहेत. पावसाळ्याआधी महापालिका यादी लावते, तिच्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक, राहण्यास अयोग्य, रिकामी करून पाडायची. सी-२ ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२ बी म्हणजे न रिकामी करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. नोटिशीत "आपली इमारत जीर्ण झाली आहे" असं हळवं वाक्य लिहिण्यापेक्षा वर्ग लिहा, लोकांना आपण झोपतोय त्या छताचं नक्की काय आहे ते कळलं पाहिजे.

भिंतीचेही शब्द आहेत: ओल येते, लोणा लागतो (ते पांढरं मीठ फुटतं ते), रंगाचे पोपडे सुटतात. आणि आपल्याकडे खाडीच्या खाऱ्या हवेत सगळ्यात वाईट म्हणजे आतली सळई गंजणं. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो आतून काँक्रीटला ढकलतो, आधी सरळ रेषेत चीर, मग फुगवटा, मग एक दिवस पंख्याशेजारचा तुकडा खाली. लोक म्हणतात प्लॅस्टर पडलं. प्लॅस्टर शेवटी पडलं, गंज आधी चढला होता.

प्र. "भ्रष्ट" चा मूळ अर्थ काय? लाचखोर असाच का?

मूळ अर्थ पडलेला, घसरलेला. धातू भ्रंश्, म्हणजे खाली पडणं. पदभ्रष्ट म्हणजे पदावरून पडलेला, त्याने लाच खाल्ली असेलच असं नाही. गीतेच्या सहाव्या अध्यायात योगभ्रष्ट येतो, तो तर योगमार्गावर अर्ध्यात राहिलेला माणूस, आणि तो पुढच्या जन्मी चांगल्या घरात जन्म घेतो असं सांगितलंय. स्मृतिभ्रंश हा आजार आहे, त्यात दोष कोणाचाच नाही. भूगर्भशास्त्रात खडक तुटून सरकतो त्यालाही भ्रंश म्हणतात. भ्रष्टाचार म्हणजे ज्याचं आचरण आपल्या जागेवरून घसरलं ते. त्यात सडण्याचा वास कुठेही नाही, वरून खाली येणं आहे. म्हणून हा शब्द ज्याला काही उंची, काही जबाबदारी दिलेली होती त्यालाच शोभतो.

प्र. मग "अपभ्रंश" म्हणजे बिघडलेला शब्द? आमच्या गावचं नाव अपभ्रंश आहे म्हटलं की वाईट वाटतं.

वाईट वाटून घेऊ नका. पतंजलीने महाभाष्यात "गौः" या एका शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अपभ्रंश दिलेत. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही लोक आपापल्या तोंडाने गाय वेगवेगळी म्हणत होते आणि व्याकरणकारांना ते घसरलेलं वाटत होतं. शिलाहारांच्या लेखांत श्रीस्थानक आहे, स्थान-ठाण असं होत होत आपलं ठाणे झालं. इंग्रजांच्या जुन्या कागदांत त्याचं आणखी टाना झालं. यात काहीच सडलेलं नाही, वापरून वापरून गोट्यासारखं गुळगुळीत झालंय. मी वर्गात अपभ्रंश ऐवजी "बदललेलं रूप" सांगते, कारण मराठी अख्खीच अशा रूपांवर उभी आहे.

प्र. लाचेसाठी इतके शब्द का? चिरीमिरी, चहापाणी, हप्ता, पाकीट, मलिदा...

कारण प्रत्येकाची जागा आणि आकार वेगळा. चिरीमिरी छोटी आणि एकदाची. चहापाणी देणाऱ्याची लाज झाकतं. हप्ता ठरलेल्या तारखेला. टक्केवारी कामाच्या बिलावर. "वजन ठेवल्याशिवाय फाईल हलत नाही" मध्ये फाईल उडू नये म्हणून वजन, आणि हलावी म्हणूनही वजन. हात ओले करणं, सेटिंग, टेबलाखालून, हे सगळं मागण्याची आणि देण्याची भाषा.

पण सगळ्यात जास्त शब्द खाण्याचे आहेत. पैसे खाल्ले, खाबूगिरी, मलई, मलिदा, चराऊ कुरण, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं, कुंपणच शेत खातं, तळे राखी तो पाणी चाखी. मराठी माणसाला भ्रष्टाचार म्हटल्यावर आधी सडणं सुचत नाही, दुसऱ्याच्या ताटातलं खाणं सुचतं. आणि हे फार जुनं आहे: कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाण्यात फिरणारा मासा पाणी केव्हा पितो हे जसं कळत नाही तसं सरकारी माणूस पैसा केव्हा खातो ते कळत नाही असं म्हटलंय, जिभेवर ठेवलेल्या मधाचा दाखला दिलाय आणि अपहाराचे चाळीस प्रकार मोजून ठेवलेत.

"तळे राखी" ही म्हण ठाण्यात शिकवायला मला बरी पडते, मासुंदा, उपवन, कचराळी, रायलादेवी, इतकी तळी आहेत की मुलांना राखणारा आणि चाखणारा लगेच डोळ्यासमोर येतो. मात्र एक सांभाळा, "तळे राखी" काही लोक सहज मान्य करून बोलतात, चालायचंच या सुरात. "कुंपणच शेत खातं" मध्ये ती सवलत नाही, तिथे रक्षण करणाऱ्यानेच घात केलाय. दोन म्हणी एकमेकींच्या जागी टाकू नका.

प्र. "सिस्टिमच सडलीय" असं म्हणणं बरोबर आहे का?

व्याकरणाने बरोबर आहे. मला मात्र ते वाक्य खटकतं आणि का ते सांगते.

सडणं, कुजणं, नासणं, गंजणं ही सगळी अकर्मक क्रियापदं, म्हणजे गोष्ट आपोआप होते, करणारा कोणी नाही. कांदा सडला तर आपण कांद्यावर खटला भरत नाही. खाणं सकर्मक आहे, कोणी खाल्लं आणि काय खाल्लं हे दोन्ही विचारावंच लागतं. सिस्टिम सडली म्हटलं की हवामानाबद्दल बोलल्यासारखं होतं, सगळे मान डोलावतात आणि घरी जातात. "अमक्या बिलातले पैसे खाल्ले" म्हटलं की पुढचा प्रश्न येतोच: कोणी? आणि मराठीने मधली वाटही ठेवलीय: नासवणं, सडवणं, कुजवणं. प्रश्न कुजला नाही, कुजवत ठेवला. एका अक्षराने करणारा माणूस वाक्यात येतो.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी छज्ज्यांची दुरुस्ती झाली. तीन पावसाळ्यांत पुन्हा तुकडे पडायला लागले, एकदा तर खाली सायकल लावणाऱ्या मुलापासून हातभर अंतरावर. इतिवृत्ताच्या मसुद्यात लिहिलं होतं, "प्लॅस्टर खराब झाल्याने पुन्हा खर्च करावा लागत आहे." मी स्वतः खाली जाऊन पडलेला तुकडा उचलून बघितला होता, नव्या प्लॅस्टरच्या मागच्या बाजूला गंजाचा तपकिरी ठसा जसाच्या तसा उमटलेला, म्हणजे सळई घासलीच नव्हती, गंजावरच माल मारला होता. सभेत तो तुकडा टेबलावर ठेवला आणि वाक्य बदलायला लावलं: "ठेकेदाराने सळयांवरचा गंज न काढता प्लॅस्टर केले आणि समितीने काम न तपासता बिल मंजूर केले." खूप आरडाओरडा झाला. समितीतले काका मला म्हणाले, ताई, आपल्याच लोकांचं नाव कशाला घालता. पण वाक्यात कर्ता आल्यामुळेच पुढच्या कामाच्या वेळी प्रत्येक छज्ज्याचा सळई घासल्यानंतरचा फोटो घ्यायचं ठरलं. आधीच्या वाक्यातून तो ठराव निघालाच नसता.

प्र. कायद्यात कुठला शब्द आहे, भ्रष्टाचार की लाच?

कायदा "भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८", आणि आपल्या राज्यातलं खातं "लाचलुचपत प्रतिबंधक विभाग". कायद्याने मोठा, व्यापक शब्द घेतला आणि खात्याने लोकांच्या तोंडातला. तक्रारीचा टोल फ्री नंबर १०६४ आहे. लाच घेणाऱ्या लोकसेवकाला किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही थेट गुन्हा आहे, जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवायचं असतं. म्हणून "द्यावी लागली" आणि "दिली" यातला फरक नुसत्या भाषेचा राहत नाही, लिहिताना जे घडलं तेच लिहा.

प्र. "मासा डोक्यापासून सडतो" ही मराठी म्हण आहे का?

ती बाहेरून भाषांतर होऊन आलीय. इथली कोळीण मासा बघताना कल्ले उचलून लाल आहेत का बघते, पोट दाबून बघते. आपल्याकडे त्या अर्थाला "यथा राजा तथा प्रजा" आहे, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार" आहे. ती वापरा.

प्र. फाईल करप्ट झाली, याला मराठीत काय म्हणायचं?

फाईल बिघडली म्हणा, किंवा करप्ट झाली म्हणा, सगळ्यांना कळतं. बिघडणं हा चांगला शब्द आहे कारण बिघडलेलं दुरुस्त होऊ शकतं. म्हणून मशीन बिघडतं, पोट बिघडतं, मुलगाही बिघडतो. वाया गेला म्हटलं की आशा सोडली.

प्र. विटाळ, बाटणं, हे याच यादीत घालायचे का?

नाही, आणि हे मी प्रत्येक वर्गात ठामपणे सांगते. नासणं, सडणं डोळ्यांना दिसतं, नाकाला कळतं. विटाळ कशालाच दिसत नाही, तो माणसांनी माणसांवर आणि बायकांवर लादलेला होता. चौदाव्या शतकात संत सोयराबाईंनी विचारून ठेवलंय: "देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥ देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोंवळा तो झाला कवण धर्म ॥" इतिहास सांगताना शब्द वापरावाच लागतो, पण "पाणी विटाळलं" असं गढूळ पाण्याबद्दल गंमत म्हणूनही लिहू नका. पाणी दूषित झालं, गढूळ झालं, एवढे शब्द आहेत. तसंच एखाद्या मुलीबद्दल "नासवली" असं कधीच नाही. गुन्हा करणाऱ्याचं नाव त्याच्या गुन्ह्याने घ्या, मुलगी म्हणजे दूध नव्हे.

प्र. माणसाच्या स्वभावाला कुठले लावता येतात?

कुजकट बोलणं, म्हणजे आत दाबून ठेवलेलं टोचून बाहेर काढणं. सडकं डोकं, म्हणजे घाणच सुचणं. बुरसटलेले विचार, म्हणजे बंद जागेत पडून बुरशी चढलेले, ऊन दाखवलं तर सुधारतीलही. किडका, हा जास्त करून शरीरयष्टीला, किडकिडीत त्याचाच भाऊ. खवचट हा वेगळाच, त्याचा आणि खोबऱ्याच्या खवटपणाचा संबंध लावत बसू नका, अर्थ तिरकस बोलणारा. जखम चिघळते तसा संप, वाद चिघळतो, म्हणजे वेळेवर मलमपट्टी झाली नाही. आणि तुरुंगात माणूस "सडतो" यापेक्षा मला "खितपत पडतो" बरं वाटतं. ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यात आहे तो मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगीजांकडून घेतला, त्याच्या भिंतीला लागून जाताना हा फरक मनात येतो, कारण आत निकालाची वाट बघणारे कितीतरी असतात आणि सडण्याची उपमा जिवंत माणसाला द्यायला जीभ धजत नाही.

प्र. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल नोटीस लिहायचीय, एक नमुना द्याल?

आपल्याला लागेल तसं बदलून घ्या:

"तळटाकीच्या झाकणाची कडा गंजून तिला भोक पडले आहे. त्यातून पालापाचोळा आत गेला व कुजला, त्यामुळे पाण्याला वास येत आहे. झाकण बदलावे असे प्लंबरने एप्रिलमध्ये लेखी कळवले होते, समितीने ते केले नाही. गुरुवारी सकाळी १० ते दुपारी ४ टाकी रिकामी करून धुतली जाईल व नवीन झाकण बसेल. तोपर्यंत पाणी उकळून प्यावे."